फ्यूजनवर विश्वास असू द्या, त्या बाँडवर नको

पत्र

ताई, नमस्कार.

मी वसमत तालुक्यातला. बी.एस्सी. फिजिक्स केलं. अकरावी-बारावीच्या क्लासवर शिकवतो आणि शेतीही बघतो. आमची अडीच एकर जमीन रस्त्यात गेली, मावेजा आबांच्या खात्यावर जमा झालाय. आबांचं वय अडुसष्ट.

आमचे दाजी पुण्यात असतात. त्यांच्या ओळखीच्या एका कंपनीनं नांदेडला हॉटेलात मीटिंग ठेवली होती, मी जाऊन आलो. हॉल गच्च भरलेला. न्यूक्लिअर फ्यूजनमध्ये पैसे गुंतवायची संधी आहे, अमेरिकेतल्या कंपनीशी टाय-अप आहे असं सांगितलं. २०२८ ला फ्यूजनची वीज सुरू होणार, मायक्रोसॉफ्टनं करार केलाय, तेव्हाच आयपीओ येणार, म्हणजे शेअर बाजारात विक्रीला निघणार. तोपर्यंत महिन्याला दोन टक्के, तेही ५०० रुपयांच्या बाँड पेपरवर (मुद्रांकावर) लिहून देतात. आपल्या औंढ्याच्या लायगो वेधशाळेच्या प्रकल्पात जी सरकारी संस्था आहे तीच फ्यूजनवर काम करते, असंही सांगितलं. ते मी तपासलं, खरं निघालं.

दाजींनी पाच लाख टाकलेत. सात महिने झाले, दहा हजार वेळेवर येतात. ते म्हणायलेत पंधरा लाख टाका, रविवारपर्यंत सांगा. आबा म्हणायलेत, जमिनीचा पैसा एक तर जमिनीत जाईल, नाहीतर बँकेत राहील. मी फिजिक्सचा माणूस. बिल गेट्स, गूगल, मायक्रोसॉफ्ट यात पैसा ओतायलेत, मग हे खोटं कसं असेल? आबांना कसं समजावू?

— एक वाचक, जि. हिंगोली

उत्तर

भाऊ,

आबांना समजावू नका. आबांचं बरोबर आहे. त्या कंपनीला एक रुपयाही देऊ नका. तुम्हाला रविवारची मुदत दिलीय म्हणून हे सगळ्यात आधी लिहिते. बाकीचं सावकाश वाचा, जमलं तर आबांना वाचून दाखवा.

फ्यूजन खोटं नाही. तुमचा त्यावरचा जीव मला पत्रातून कळला आणि तो अगदी योग्य जागी आहे. ५ डिसेंबर २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९२ लेझर किरण इंधनाच्या इवल्याशा गोळीवर रोखले गेले. २.०५ मेगाज्यूल ऊर्जा आत गेली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. हायड्रोजनची केंद्रकं एकत्र आणून घातल्यापेक्षा जास्त ऊर्जा काढणं माणसाला प्रयोगशाळेत त्या दिवशी पहिल्यांदा जमलं. इंग्लंडमधलं जेट हे यंत्र २०२३ च्या शेवटी बंद झालं. बंद होण्याआधी त्यानं ०.२ मिलिग्रॅम इंधनातून पाच सेकंदांत ६९ मेगाज्यूल ऊर्जा दिली. तुम्ही वर्गात E=mc² शिकवता, त्याचा याहून देखणा पुरावा कुठला असणार?

मीटिंगमध्ये यातला पहिला आकडा दाखवला असेल. त्याच्या शेजारचा आकडा दाखवला होता का, ते आठवून बघा. ते लेझर चालवायला प्रयोगशाळेनं लाइनमधून जवळपास ३०० मेगाज्यूल वीज घेतली होती. जेटचे ६९ मेगाज्यूल म्हणजे साधारण एकोणीस युनिट, आणि तीही उष्णता, वीज नव्हे. शास्त्रज्ञांनी यातलं काहीही लपवलेलं नाही, सगळं जाहीर आहे. प्रयोग जिंकला म्हणजे वीजघर उभं राहिलं असं होत नाही. मधल्या वाटेत काय काय आहे, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल: पंधरा कोटी अंश तापमानाचा प्लाझ्मा, म्हणजे तापून विद्युतभारित झालेला वायू, तासन् तास धरून ठेवायचा, न्यूट्रॉनचा मारा सोसणारा धातू शोधायचा आणि इंधन म्हणून लागणारं ट्रिशियम, हायड्रोजनचं जड रूप, यंत्रातच लिथियमपासून तयार करायचं. ट्रिशियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, निसर्गात ते जवळपास मिळतच नाही. पुन्हा बहुतेक आराखड्यांत शेवटी त्या उष्णतेनं पाण्याची वाफ करूनच टर्बाइन फिरवायचं आहे. २०१५ मध्ये पाण्यावाचून परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. फ्यूजन आलं की मराठवाड्याचा विजेचा प्रश्न पाण्याशिवाय सुटेल, असं कुणी सांगितलं असेल तर तेही तपासून घ्या.

एवढं असून शहाणी माणसं पैसा का ओततात? कारणं खरी आहेत. २०२१ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स आणि एमआयटीनं मिळून उच्च तापमानाच्या अतिवाहक पट्टीचा चुंबक २० टेस्ला इतक्या चुंबकीय क्षेत्रापर्यंत नेला. टोकामाकमध्ये, म्हणजे चुंबकांनी प्लाझ्मा धरून ठेवणाऱ्या यंत्रात, चुंबकीय क्षेत्र दुप्पट केलं, की बाकी गोष्टी तशाच राहिल्या तर तेवढ्याच आकारात सोळापट शक्ती मिळू शकते. म्हणजे यंत्र लहान आणि स्वस्त होण्याची शक्यता उघडली. त्याच वर्षी त्या कंपनीनं १.८ अब्ज डॉलर उभे केले, त्यात गेट्स होते आणि गूगलही होतं. २०२५ मध्ये आणखी ८६ कोटी डॉलर मिळाले. मॅसॅच्युसेट्समधल्या डेव्हन्स इथं त्यांचं स्पार्क नावाचं यंत्र आकाराला येतंय. फ्यूजन इंडस्ट्री असोसिएशनच्या २०२५ च्या अहवालात जगभरातल्या ५३ कंपन्या आहेत, आजवरची एकूण गुंतवणूक सुमारे पावणेदहा अब्ज डॉलर. डेटा सेंटरना रात्रंदिवस वीज लागते, म्हणून मोठ्या कंपन्यांनाही यात रस आहे.

पण हा पैसा कुणाचा आणि कसा, ते बघा. आपल्याकडे एका शिवारात दहा बोअर घेतले तर सात कोरडे जातात, दोन जेमतेम चालतात आणि एखाद्याला पाणी लागतं. गुंतवणूक फंडाकडे दहाही बोअरचे पैसे असतात आणि सात कोरडे जाणार हे त्यानं आधीच धरलेलं असतं. तुमच्याकडे एकाच बोअरचा पैसा आहे, तोही आबांच्या अडीच एकरांचा. गेट्सचे दहा कोटी डॉलर बुडाले तर त्यांच्या घरी कुणाचं शिक्षण अडत नाही.

मुदतीचंही तसंच आहे. १९५५ मध्ये जिनिव्हाच्या अणुपरिषदेचे अध्यक्ष होते आपले होमी भाभा. येत्या दोन दशकांत फ्यूजनची ऊर्जा नियंत्रित रीतीनं मिळवण्याची पद्धत सापडेल, असं भाकीत त्यांनी तिथं केलं होतं. भाभांइतका मोठा माणूस, तरी ते वेळापत्रक निसर्गानं पाळलं नाही. फ्रान्समध्ये आयटर हे आंतरराष्ट्रीय फ्यूजन यंत्र उभं राहतंय. भारतासह सात भागीदार त्यात आहेत आणि त्याचं क्रायोस्टॅट, म्हणजे बाहेरचं ते अवाढव्य पोलादी भांडं, गुजरातेत हजीऱ्याला घडलं. २०२४ मध्ये आयटरनं नवं वेळापत्रक जाहीर केलं: ड्यूटेरियम-ट्रिशियम या खऱ्या इंधनावर चालायला २०३९. टीएई ही खासगी कंपनी १९९८ मध्ये सुरू झाली. तिनं शंभर कोटी डॉलरहून जास्त उभे केले, २०२५ च्या डिसेंबरात एका लिस्टेड कंपनीत विलीन होणार असल्याचं जाहीर झालं, पण फ्यूजनची एक युनिट वीजही तिनं तोवर विकलेली नव्हती. कॅनडाच्या जनरल फ्यूजनमध्ये जेफ बेझोसचा पैसा आहे. २००२ पासून काम करणाऱ्या या कंपनीला २०२५ मध्ये निधी आटल्यामुळे पाव कर्मचारी कमी करावे लागले. यातलं कुणी लबाड नाही, काम अवघड आहे.

२०२८ चा जो करार तुम्हाला सांगितला तोही खरा आहे. हेलिऑन ही कंपनी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्यात मे २०२३ मध्ये तो झाला. ५० मेगावॅटचा करार, म्हणजे परळीच्या २५० मेगावॅटच्या एका संचाचा पाचवा हिस्सा. हेलिऑननं वीज तयार केली तर मायक्रोसॉफ्ट ती विकत घेणार, असा तो मामला आहे. वीज तयार होईलच याची हमी त्या करारानं कुणालाही दिलेली नाही, नांदेडच्या कंपनीच्या गिऱ्हाइकाला तर नाहीच नाही.

आता तुमच्या हातातल्या कागदाकडे येऊ. मी बरीच वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसले, असे कागद पुष्कळ बघितले. तुमच्या पत्रातली एकच ओळ मला पुरेशी वाटली: महिन्याला दोन टक्के.

जगात कुठल्याही कंपनीनं आजवर फ्यूजनची वीज गिऱ्हाइकाला विकलेली नाही. ज्या धंद्याची विक्रीच अजून सुरू झालेली नाही, तो दर महिन्याला परतावा कुठून देणार? गेट्सना महिन्याला दोन टक्के मिळत नाहीत. गूगललाही मिळत नाहीत. त्यांना काहीही मिळत नाही, ते फक्त थांबतात. मग तुमच्या दाजींना दहा हजार येतात ते फ्यूजनमधून येत नाहीत, हे उघड आहे. ते तुमच्यासारख्या कुणाच्या तरी पंधरा लाखांतून येतात, दुसरं उत्तर मला तरी दिसत नाही. तुम्ही मीटिंगला गेलात तेव्हा हॉल गच्च भरलेला होता ना? तोच हॉल भरेनासा झाला की दहा हजार बंद होतील.

हिशेबही करून बघा. दाजींनी पाच लाख दिले, सात महिन्यांत सत्तर हजार परत आले. त्यांचे स्वतःचेच चार लाख तीस हजार अजून तिकडे अडकलेत. ‘मिळतंय’ असं त्यांना वाटतं, पण त्यांनी अजून काहीही कमावलेलं नाही. मुद्दल वसूल व्हायलाच पन्नास महिने लागतील. बीडमध्ये, संभाजीनगरात, जालन्यात मल्टिस्टेटच्या बंद शटरपुढे उभे राहिलेले ठेवीदार आपण सगळ्यांनी पाहिले. त्यांनाही सुरुवातीची वर्षं व्याज वेळेवरच मिळत होतं.

शेअर म्हणजे मालकी. मालकाला ठरलेला महिना मिळत नाही, नफा झाला तरच वाटा मिळतो. ठरलेली रक्कम दर महिन्याला देतो असं कुणी लिहून देत असेल, तर नाव काहीही असो, ती ठेव आहे. परवानगीशिवाय अशा ठेवी घ्यायला २०१९ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे, आणि ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा एमपीआयडी कायदाही आहे. आता ते म्हणाले, ‘नाही हो, हे शेअरच आहेत’, तरी अडचण आहे. आयपीओ न आणता शेअर द्यायचे असतील तर २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम ४२ लागू होतं: वर्षभरात जास्तीत जास्त दोनशे जणांना देता येतात, जाहिरात करता येत नाही, प्रत्येकाच्या नावानं वेगळं ऑफर लेटर काढावं लागतं आणि पैसे घेणाऱ्याच्या बँक खात्यातून यावे लागतात, रोख चालत नाही. हॉटेलचा हॉल भरून, चहा-नाश्ता देऊन शेअर विकायची सोय त्यात नाही. ५०० चा बाँड तर हमी म्हणून काहीच कामाचा नाही. त्या बाँडवर सरकारनं फक्त मुद्रांक शुल्क घेतलंय, वर लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी घेतलेली नाही.

अमेरिकेतल्या टाय-अपचंही बघा. तिथल्या अशा खासगी कंपन्या शक्यतो ज्याला तिकडचा कायदा सक्षम गुंतवणूकदार मानतो त्यालाच शेअर देतात: राहतं घर सोडून दहा लाख डॉलरची संपत्ती किंवा वर्षाला दोन लाख डॉलरच्या वर उत्पन्न. आपल्याकडेही नवउद्योगांत पैसा घालणाऱ्या सेबी नोंदणीच्या पर्यायी गुंतवणूक फंडात सर्वसाधारणपणे किमान एक कोटी लागतात. हे नियम गरिबाला श्रीमंत होऊ द्यायचं नाही म्हणून केलेले नाहीत. सगळा पैसा बुडाला तरी ज्याची चूल पेटेल, त्यानंच यात यावं म्हणून केलेत.

समजा, हे सगळं खरं निघालं. समजा, खरीच फ्यूजन कंपनी आहे, खरे शेअर आहेत आणि वीजही तयार झाली. तरीही तुमचं भलं होईलच असं नाही, आणि हा मुद्दा तुमच्यासारख्या हुशार माणसाच्या नजरेतून सुटतो. अशा कंपनीला पुन्हा पुन्हा पैसा लागतो. दर फेरीत ती नवे शेअर काढते. प्रत्येक फेरीत पाव हिस्सा नव्या लोकांकडे गेला, तर चार फेऱ्यांनंतर तुमचा शंभरातला हिस्सा बत्तिसाच्या आत येतो. कंपनी विकली गेली तर शेवटी आलेल्या मोठ्या गुंतवणूकदारांना बहुधा आधी पैसे मिळतात, उरलं तर तुम्हाला. मधल्या पंधरा वर्षांत पोरीचं लग्न निघालं, आबांचं ऑपरेशन निघालं, तर तो शेअर विकत घ्यायला कोणी येणार नाही. आणि ५३ मधली जी जिंकेल ती तुमचीच असेल, हे कशावरून? विज्ञान जिंकतं आणि गुंतवणूकदार हरतो, असं होऊ शकतं.

लायगोचं तुम्ही तपासलंत, छान केलंत. गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था दोन्हीकडे आहे: औंढ्याच्या लायगोत पुण्याची आयुका आणि इंदूरच्या संस्थेसोबत, आणि फ्यूजनमध्ये तर १९८९ पासून, आदित्य टोकामाक सुरू झाला तेव्हापासून. पण ती अणुऊर्जा विभागाची संस्था आहे, शेअर विकत नाही. लायगो तर गुरुत्वीय लहरी मोजणार, त्याचा विजेशी संबंध नाही. सांगणाऱ्यानं एक खरी गोष्ट तुमच्यापुढे ठेवली आणि तुम्ही खरी तीच तपासलीत. तपासायची होती त्या कंपनीची नोंदणी. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर नाव टाका: संचालक कोण, भांडवल किती, ताळेबंद कधी भरला, ते कळेल. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर ठेवी घ्यायची परवानगी कुणाकडून आहे का ते बघा, तक्रारही तिथंच करता येते.

आणखी एक, आणि हे मला मनापासून सांगायचंय. तुमच्या पत्रात दाजी पुन्हा पुन्हा आले, पण ताईसाहेबांचं, तुमच्या बहिणीचं, मत काय ते एकदाही आलं नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर मावेजात तिचा वाटा तुमच्याइतकाच आहे. तुम्ही पंधरा लाख टाकता म्हणजे त्यात तिचेही टाकता. आबांच्या हयातीतच, तिघं एकत्र बसून, कुणाचं किती हे कागदावर घ्या. वकिलाला एकदा विचारा. हे न केल्यामुळे भावा-बहिणीत बोलणं बंद झालेली घरं मी आपल्याच भागात बघितलीत.

उरलेल्या पैशाचं आबांना ठरवू द्या. त्यांना शेजारची जमीन मिळत असेल, सातबारा स्वच्छ असेल, तर घेऊ द्या. नाहीतर त्यांच्या वयाला पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे, तीस लाखांपर्यंत ठेवता येतात. बँकेत ठेवले तर एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच विमा मिळतो, म्हणून दोन-तीन बँकांत वाटून ठेवा. आबांना हे सगळं कुणी शिकवायला नको असेल, त्यांचा कल आधीच तिकडे आहे.

तुमच्या फ्यूजनच्या ओढीचं काय करायचं? ती मारू नका. क्लासमधल्या पोरांना आदित्यची, जेटची, लिव्हरमोरची गोष्ट सांगा, आकड्यांसकट सांगा, लाइनमधल्या ३०० मेगाज्यूलसकट. वसमत-औंढ्याच्या पोरांना आपल्या शेजारी केवढं विज्ञान येतंय हे कोणीतरी सांगायला हवंच आहे. त्यातला एखादा उद्या गांधीनगरला संशोधनाला गेला, तर फ्यूजनमध्ये तुमचा वाटा दाजींच्या कंपनीपेक्षा कितीतरी मोठा असेल. तुमचं स्वतःचं एम.एस्सी. राहिलं असेल तर मावेजातले थोडे पैसे त्याला वापरा, आबा त्याला नाही म्हणायचे नाहीत.

राहिले दाजी. ते तुम्हाला फसवायला निघालेत असं मला वाटत नाही. पाच लाख अडकलेला माणूस आपला निर्णय बरोबर होता, हे सिद्ध व्हावं म्हणून घरच्यांना सोबत ओढतो. त्यांना चारचौघांत काही बोलू नका. फोन करा आणि एवढंच म्हणा: ‘दाजी, आबा तयार नाहीत, आणि मलाही पटलेलं नाही. तुम्ही तुमचं मुद्दल एकदा परत मागून बघा. दिलं तर पुढचं बोलू.’ नवीन माणसं आणल्याबद्दल त्यांना काही कमिशन मिळतं का, तेही सरळ विचारा. राग येईल, येऊ द्या.

मुद्दल मागितल्यावर ‘लॉक-इन आहे’, ‘आणखी दोन माणसं आणा मग देतो’, ‘रकमेतून प्रोसेसिंग कापू’ असली उत्तरं आली, तर वाट बघत बसू नका. बाँडची झेरॉक्स, पैसे पाठवल्याच्या बँकेतल्या नोंदी, मीटिंगचं माहितीपत्रक आणि व्हॉट्सअॅपवरचे मेसेज घेऊन दाजींनी पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. सोबत तुम्ही जा. आणि कंपनीनं ‘नवा करार करून देतो, जुना बाँड जमा करा’ म्हटलं, तर मुद्दल खात्यावर दिसेपर्यंत मूळ बाँड त्यांच्या हातात देऊ नका.